शिराळा : वेगळ्या यादीपासून एका यादीपर्यंत

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले तेव्हा शिराळा सातारा जिल्ह्यात होते. वारणा ओलांडली की कोल्हापूर संस्थान, म्हणजे राज्यच दुसरे. जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. गावातले तंटे कोर्टात न नेता गावातच मिटवायचे, लग्ने कमी खर्चात लावायची, हे लोकांना तिथेच पाहायला मिळाले. मताचा हक्क मात्र थोड्यांनाच होता.

१९०९ च्या कायद्यापासून मुस्लिमांचे मतदारसंघ वेगळे होते. मुस्लिम मतदाराने मुस्लिम उमेदवारालाच मत द्यायचे. १९४६ ची प्रांतिक निवडणूक याच पद्धतीने झाली आणि मुंबई प्रांतातल्या सगळ्या मुस्लिम जागा लीगकडे गेल्या. "तुम्हीच लीगला मते दिली" असे आजही कुणी सहज बोलून जातो. पण तेव्हा मत शेतसारा, कर किंवा शिक्षण यांवर मिळायचे. गावचा मुलाणी, पिंजारी, दुसऱ्याच्या रानात राबणारा मजूर यांतले बहुतेक यादीतच नव्हते. जे मत दिलेच नाही, त्याचा जाब त्यांच्या नातवंडांना का विचारायचा?

संविधान सभेने १९४७ मध्ये वेगळे मतदारसंघ बंद करायचे ठरवले. १९४९ मध्ये धर्माच्या आधारावरच्या राखीव जागाही सोडल्या. संविधानाच्या कलम ३२५ ने सर्वांची एकच मतदारयादी केली, कलम ३२६ ने २१ वर्षांवरील प्रत्येकाला मत दिले. (१८ ही अट १९८९ पासूनची.)

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती, वर चिन्ह असायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही अडचण नव्हती. तरी देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळाली. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच त्यांनी सांगितले होते, स्वतःचे नाव नाही.

जमिनीचे बदल हळू आले. कूळकायदा १९४८ चा, पण 'कसेल त्याची जमीन' हा कृषकदिन १ एप्रिल १९५७ चा.

घरातले जुने कागद चाळताना एक लक्षात असू द्या. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली ठेवले. त्यामुळे आजोबांच्या दाखल्यावर 'जि. सातारा', चुलत्यांच्या 'जि. दक्षिण सातारा' आणि तुमच्या 'जि. सांगली' असले, तरी गाव तेच आहे.