दगड शाबूत, वाचन चुकलेले

१/ ठाणे-कल्याण परिसरातील शिलालेखांची सूची मी डोंबिवलीत बसून करीत आहे. परवा डेटाबेसची आवृत्ती बदलली आणि एडिटरमध्ये ‘अंबरनाथ’च्या जागी एकवीस अनोळखी चिन्हे उमटली. दोन रात्री एडिटरला दोष देण्यात गेल्या.

२/ कारण मात्र इतिहासात होते. मायएसक्यूएलचा जुना डीफॉल्ट अक्षरसंच ‘लॅटिन-१’. त्यात जागा २५६. देवनागरीला एकही नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. मायएसक्यूएलने युनिकोड डीफॉल्ट केले ते २०१८ च्या ८.० आवृत्तीत.

३/ यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. अनुस्वार व काना धरून ‘अंबरनाथ’ची चिन्हे सात, बाइट एकवीस. जुनी व्यवस्था ते लॅटिन समजून जसेच्या तसे ठेवी आणि परत देई. नवी व्यवस्था प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर मानते.

४/ अंबरनाथच्या शिलालेखाचे वर्ष आधी शके ७८२ असे वाचले गेले. पुढे ते ९८२, म्हणजे इ.स. १०६०, ठरले. दगड तोच होता, वाचन सुधारले.

५/ म्हणून मित्रहो, अशी चिन्हे दिसताच घाईने काही दुरुस्त करू नका. आधी प्रत काढा. मग तो स्तंभ बायनरी करून यूटीएफ-८ घोषित करा. अक्षरे परततात.

६/ पण तिथे नुसती प्रश्नचिन्हे साठली असतील, तर लेख दगडावरूनच झिजला आहे. तेव्हा उपयोगी पडते ती हाताने लिहिलेली वही. ती जपा.