प्रौढ सामाजिक देखभाल, लेस्टर

इंग्लंडच्या मध्यभागातील लेस्टर शहरात वार्धक्य, अपंगत्व, मानसिक आजार किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे रोजचे व्यवहार अवघड झालेल्या, १८ वर्षांवरील रहिवाशांना लेस्टर सिटी कौन्सिल म्हणजे तिथली महापालिका पुरवत असलेली मदत. दवाखाना आणि औषधोपचार राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे. आंघोळ, कपडे, जेवण, घरातला वावर, चार माणसांत जाणे ही बाजू कौन्सिलची. ही फाळणी १९४८ सालची आहे. आरोग्य सेवा त्या वेळी सर्वांना मोफत झाली, देखभाल मात्र ऐपत पाहूनच मिळत राहिली.

२०२१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ३,६८,६०० होती. त्यांत आशियाई वंशाचे ४३.४ टक्के, गोरे ४०.९ टक्के; कोणताही एक गट निम्म्याहून अधिक नाही. वंचिततेच्या २०१९ च्या सरकारी निर्देशांकात इंग्लंडमधील ३१७ स्थानिक संस्थांत सर्वाधिक वंचितांकडून लेस्टरचा क्रमांक ३२ वा होता. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले, तेव्हा लेस्टरमध्ये येऊ नका, अशी जाहिरात याच शहराच्या कौन्सिलने ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात दिली होती. तरीही हजारो लोक आले, मोजे-बनियनांच्या आणि बुटांच्या कारखान्यांत राबले. आज ती पिढी म्हातारी आहे आणि तिच्या सकाळच्या आंघोळीची जबाबदारी त्याच कौन्सिलवर आहे.

देखभालीचा पाया म्हणजे २०१४ चा केअर अ‍ॅक्ट. तो एप्रिल २०१५ पासून लागू झाला. गरज दिसेल त्या प्रत्येकाची, त्याच्याकडे पैसा किती हे न पाहता, आधी पाहणी करावी लागते. जेवण, स्वच्छता, शौच, घरातली सुरक्षितता, नातीगोती अशा दहा गोष्टींपैकी किमान दोन साधत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर मदतीचा हक्क लागू होतो.

सगळे अडते किंवा सुटते ते या पाहणीत. ‘आंघोळ स्वतः करता का?’ असे विचारले, की गुजराती आजी म्हणते, ‘हो, करते ना.’ परक्यापुढे याहून वेगळे कोण सांगेल? पण किती वेळ लागतो, हे तिच्या भाषेत, शेजारी बसून विचारले तर कळते, की भिंत धरून, मधेमधे टेकून तासभर जातो आणि गुडघे ठणकतात. फार वेळ लागत असेल किंवा वेदना होत असतील, तर ती गोष्ट ‘साधत नाही’ असेच कायदा धरतो. म्हणून दुभाषा ही इथे चैन नव्हे. मुलगी किंवा नातू दुभाषा झाला, तर आजी शौचाविषयी गप्पच राहते. स्मृतिभ्रंशात तर मोठेपणी शिकलेली इंग्रजी अनेकदा आधी हरवते आणि मायबोली मागे उरते. मग देखभाल करणाऱ्याची भाषा हीच निम्मी देखभाल ठरते. जेवणाचेही तसेच: कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरात डबा कुठल्या स्वयंपाकघरातून येतो, हा पोटाइतकाच श्रद्धेचा प्रश्न असतो.

इस्पितळातून घरी आलेल्यांना पुन्हा उभे करण्यासाठीची सेवा सहा आठवड्यांपर्यंत मोफत असते. पुढे २३,२५० पौंडांहून अधिक पुंजी असणाऱ्याला सारा खर्च स्वतः सोसावा लागतो. २०१० साली ठरलेली ही मर्यादा महागाई वाढली तरी वर्षानुवर्षे हलली नाही. घरीच मदत घेणाऱ्याचे राहते घर त्यात धरत नाहीत.

पैशाची ओढाताण गरीब शहरात दुहेरी असते. २०१६ पासून देखभालीसाठी घरपट्टी थोडी अधिक वाढवण्याची मुभा कौन्सिलांना मिळाली. पण ही पट्टी घरांच्या १९९१ च्या किमतींवर बसते. स्वस्त घरांच्या लेस्टरमध्ये ती टक्काभर वाढवून जेमतेम पैसा जमतो, आणि मदत मागणारे मात्र अधिक असतात. हा अन्याय रचनेतलाच आहे.

‘ते लोक आपल्या म्हाताऱ्यांचे घरीच बघतात’ हा आशियाई कुटुंबांविषयीचा समज इंग्लंडभर जुना आहे आणि घातकही. बघते ती बहुधा सून, कारखान्यातली पाळी सांभाळून. काळजी घेणाऱ्या नातलगाचीही स्वतंत्र पाहणी व्हावी, हा हक्क २०१४ च्या कायद्याने भक्कम केला. सेवेऐवजी थेट रक्कम घेऊन आपल्या पसंतीची बाई नेमता येते. मात्र एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या नातलगाला त्यातून मोबदला देता येत नाही, कौन्सिलने ते आवश्यक मानले तरच देता येतो. एकत्र कुटुंबात हा नियम नेमका त्या सुनेलाच आडवा येतो.