मेघकणांचे लेसर-मापन : सोलापूरचा प्रयोग

मेघकणांचे लेसर-मापन म्हणजे ढगातल्या सूक्ष्म थेंबांनी विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून त्यांचा आकार आणि संख्या ठरवणे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘कायपीक्स’ प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात, 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात, सोलापूर परिसरात मेघबीजनाचा प्रयोग केला. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यावरून ढग पुष्कळदा न बरसताच पुढे सरकतात, त्यामुळे कृत्रिम पावसाची आशा इथे मोठी आणि दाव्यांची शहानिशा तितकीच गरजेची. ही शहानिशा एकट्या पर्जन्यमापकावर सोपवता येत नाही. शेजारच्या दोन गावांतही पाऊस सारखा पडत नाही. मग बीजनानंतर पडलेला पाऊस एरवी पडलाच नसता, हे कशावरून? खूण शोधायची ती ढगात. 1 मिलिमीटर त्रिज्येच्या पावसाच्या थेंबात 10 मायक्रॉन त्रिज्येचे दहा लाख मेघकण मावतात. धूळ-धुराच्या हवेत पाणी असंख्य बारीक कणांत वाटले जाते आणि ते एकमेकांत मिसळून वाढणे रखडते. ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या जाळल्यावर काही थेंब आधीच मोठे व्हावेत आणि त्यांनी बारीक कण सामावून घ्यावेत, ही अपेक्षा असते. ती खरी ठरली की नाही, हे थेंबांच्या आकारांतच दिसायला हवे.

विमानावर बसवलेल्या मापकाच्या दोन भुजांमधून तांबडा लेसर किरण जातो. तो ओलांडणारा प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो. पुढच्या दिशेला 4 ते 12 अंशांत गेलेला प्रकाश टिपून गुस्ताव्ह मी यांच्या 1908 च्या सिद्धांतानुसार 2 ते 50 मायक्रॉन व्यासाचे थेंब मोजले जातात. नमुना फारच लहान, हा आक्षेप फारसा टिकत नाही: किरणाचे उपयुक्त क्षेत्र जेमतेम पाव चौरस मिलिमीटर असले, तरी सेकंदाला 100 मीटर वेगाने 25 घन सेंटिमीटर हवा तपासली जाते आणि तेवढ्या हवेत हजारो थेंब असू शकतात. प्रकाशाची तीव्रता आकारासोबत सरळ वाढत नाही, ही अडचण खरी आहे. काचेच्या ठरावीक आकाराच्या मण्यांनी मापक पारखून आणि काच व पाणी यांच्या अपवर्तनांकांतला फरक धरून ती आटोक्यात ठेवतात. सर्वांत गंभीर दोष वेगळाच. दाट ढगात दोन थेंब एकदम किरणात आले, तर ते एकच मोठा थेंब म्हणून नोंदले जातात. संख्या घटली, आकार वाढला, असा भास होतो आणि बीजनाची अपेक्षित खूणही नेमकी तीच. म्हणून तापलेल्या तारेच्या मापकाने द्रवजलाचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजून हे आकडे ताडून पाहिल्याशिवाय ते पुरावा म्हणून स्वीकारू नयेत.

ढगात थेंब मोठे झाले म्हणून जमिनीवर पाऊस पडेलच असे नाही, हा आक्षेप मान्यच करावा लागतो. त्यासाठीच सोलापुरात रडार आणि पर्जन्यमापकांची जोड होती, आणि योग्य ढगांपैकी कोणत्यावर बीजन करायचे हे यदृच्छ निवडीने ठरत होते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बीजनस्थळापासून वारा वाहतो त्या बाजूच्या 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी 18 टक्क्यांनी वाढला. हा आकडा पारखून निवडलेल्या ढगांचा आहे. ऐन दुष्काळात असे ढगच कमी असतात आणि निरभ्र आकाशाला तो लागू होत नाही.