फुकट श्रमाचे दोन इतिहास

साजगावची विठोबाची यात्रा सुक्या बोंबलांच्या बाजारासाठी सगळ्या जुन्या कुलाबा जिल्ह्याला ठाऊक आहे. त्या गावाशेजारच्या खोपोलीची दुसरी ओळख मात्र कमी सांगितली जाते. १८५६ च्या मे महिन्यात आगगाडी खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्गही सुरू झाला. मधला बोरघाट अजून फुटायचा होता. तोवर मुंबईचा उतारू खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढत असे. आगगाडीचा मधला तुकडा भोयाच्या खांद्यावर चालत होता!

बोरघाटाचे काम १८५६ ते १८६३ चालले. मार्ग सुमारे १५ मैल, बोगदे २५. १८६१ मध्ये तेथे ४२,००० मजूर राबत होते. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला. फॅव्हियलने कंत्राट सोडले. ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. पुढे त्याच्या पत्नीच्या, अ‍ॅलिसच्या नावावर काम पुरे झाले. ही नावे इतिहासात आहेत. पटकीने आणि तापाने मेलेल्या हजारो मजुरांची नावे कोणी लिहिली नाहीत.

आता दुसरा इतिहास. वेल्समधील टॅलिलिन ही पाटीच्या दगडाच्या खाणीची अरुंद रेल्वे १९५० मध्ये मालकाच्या मृत्यूनंतर बंद पडणार होती. हौशी माणसांनी संस्था काढली आणि १४ मे १९५१ रोजी स्वतः गाडी चालवली. सुट्टीच्या दिवशी गवत काढणे, कुजलेले स्लीपर बदलणे, खडी भरणे ही कामे ते फुकट करू लागले. जगातील ही अशी पहिली रेल्वे. पुढे इंग्लंडात अशा अनेक निघाल्या.

आपल्याकडे त्या जातीची रेल्वे म्हणजे नेरळ-माथेरान. आदमजी पीरभॉय कुटुंबाने ती बांधली. १९०७ मध्ये ती सुरू झाली. दोन फुटी रूळ, सुमारे २१ किलोमीटर चढ. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच झाले आणि पूर्ण गाडी धावायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. दरडीचे दगड हटवणारे, गटारे मोकळी करणारे, रूळ सरळ करणारे हात पगारी आणि कंत्राटी मजुरांचे. तेव्हा कोणी म्हणेल, इथेही स्वयंसेवक का नकोत? श्रमदान का नको?

प्रश्न चांगला आहे. पण तो कोणाला विचारता, हे पाहिले पाहिजे. फुकट काम आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. त्याचे नाव श्रमदान नव्हते, वेठ होते. महार वतनाच्या नावाखाली गावाने आणि सरकारने ती करून घेतली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. वतन मोडणारा कायदा मात्र १९५८ मध्ये झाला. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी दाखवून दिले की अस्पृश्य गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तेथे विटाळ आडवा येतो.

पहार तीच, खडी तीच. वेल्सचा हौशी माणूस संध्याकाळी ती ठेवून घरी जातो. त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट वाढते. आमच्या माणसाला ती ठेवून जाण्याची मोकळीक नव्हती. श्रमाला प्रतिष्ठा कामाने मिळत नाही. काम नाकारण्याच्या हक्काने मिळते.

म्हणून स्वयंसेवकांना आमचा विरोध नाही. ज्यांच्या घराण्यात कोणी फावडे धरले नाही, त्यांनी माथेरानच्या रुळावर येऊन खडी उचलावी. गँगच्या मुकादमाकडून काम शिकावे. त्यात जातीचा माज थोडा तरी झिजेल. मात्र त्यांच्या हौसेने एकाही मजुराची रोजी जाता कामा नये. आणि वारशाच्या फलकावर पीरभॉयच्या खाली गँगचाही उल्लेख हवा. एवढे झाले नाही, तर वारसा इंजिनाचा जपला जाईल, माणसाचा नाही.