विजासनचें लेणें

नागपुराहून बुटीबोरी, जाम, वरोरा या मार्गानें चंद्रपुराकडे जाऊं लागलें म्हणजे चंद्रपूर येण्यापूर्वीं भद्रावती हें गांव लागतें. यासच जुने लोक भांदक म्हणत, व आगगाडीच्या स्टेशनास तेंच नांव आहे. गांवालगत विजासन नांवाची टेकडी असून तिच्या पोटांत बौद्ध भिक्षूंसाठीं खोदलेलें लेणें आहे. अजिंठा व वेरूळ पाहण्याकरितां आपल्यांतील पुष्कळ मंडळी खर्च व दगदग सोसतात. परंतु एका दिवसांत जाऊन येण्याजोगें हें आपल्या विदर्भांतील लेणें किती जणांनीं पाहिलें असेल, याची शंकाच आहे. म्हणून ज्युबिलीच्या या स्मरणपुस्तकांत त्याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

अजिंठ्याची चित्रशोभा येथें नाहीं. मधली वाट सरळ टेकडींत सुमारें ७१ फूट शिरते व तिच्या शेवटीं गाभाऱ्यांत बुद्धाची आसनस्थ भव्य मूर्ति आहे. या वाटेशीं काटकोन करून दोन बाजूंस आणखी दोन वाटा खोदल्या असून त्यांच्याहि टोकांशीं बुद्धमूर्ति आहेत. बाहेरच्या रखरखीत उन्हांतून आंत पाऊल टाकिलें कीं प्रकाश हळूहळू मंदावतो, बोलणारा आपोआप आवाज उतरवितो, आणि हें स्थान कशासाठीं केलें असेल तें कोणी न सांगतांच कळतें.

इमारत बांधणें व लेणें खोदणें या दोन अगदीं निराळ्या विद्या आहेत. गवंडी दगडावर दगड चढवितो. लेणें खोदणारा नको तेवढा दगड काढून टाकितो. तो बहुधा छतापासून आरंभ करून खालीं येत असे, त्यामुळें उंच पहाड बांधण्याचें त्यास कारण पडत नसे. अजिंठ्याच्या २४ व्या अपुऱ्या लेण्यांत कामाच्या या पायऱ्या अद्यापि पाहावयास मिळतात. बांधकामांत बिघडलेला दगड काढून दुसरा बसवितां येतो. येथें छिन्नीचा एक घाव चुकला तर तो कायमचाच. अशा कामास बळापेक्षां धीर अधिक लागतो. खडकांत कोरलेलें पवित्र स्थान ख्रिस्ती मनुष्यास परकें वाटण्याचें कारण नाहीं. अरिमथाईकर योसेफानें आपल्या प्रभूचा देह खडकांत खोदलेल्या कबरेंतच ठेविला होता, आणि अबिसीनियांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत, लालिबेला येथें अखंड खडकांतून कोरलेलीं अकरा ख्रिस्तमंदिरें आजहि उपासनेंत आहेत.

भांदकचा परिसर फार जुना. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४, म्हणजे इ. स. ७७२ चा ताम्रपट येथेंच सांपडला. सन १८७३ ते १८७५ या काळांत जनरल कनिंगहॅम यांनीं मध्यप्रांतांत फिरून जो अहवाल लिहिला, त्यांत भांदकच्या अवशेषांचें वर्णन आहे. अजिंठ्याचें १६ वें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें करविलें, हें तेथील शिलालेखावरून कळतें. त्या हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या वऱ्हाडांतील वाशीम. मंत्र्याचें नांव असें दीड हजार वर्षें टिकलें. परंतु विजासनच्या अंधारांत दिव्याच्या उजेडीं ज्यांनीं छिन्नी चालविली, त्यांतील एकाचेंहि नांव आज कोणास ठाऊक नाहीं.

पुढें या प्रांतांतून भिक्षुसंघ नाहींसा झाला व शेंकडों वर्षें लेणें वंदनेवांचून राहिलें. मग सन १९५६ च्या १४ ऑक्टोबर रोजीं आपल्याच नागपूर शहरीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, आणि विदर्भांतील बौद्ध बांधवांचीं पावलें पुन्हां विजासनकडे वळलीं. ज्यास आपण प्राचीन अवशेष म्हणतों, तें आपल्या शेजाऱ्याचें प्रार्थनास्थान आहे, ही गोष्ट तेथें जाणाऱ्यानें प्रथम ध्यानांत धरिली पाहिजे.

आमच्या या म्हणण्यास आपल्याच इतिहासांतील एक कारण आहे. मुंबईकडे बोरिवलीस मंडपेश्वराचें शैव लेणें आहे. सन १५३४ मध्यें गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्याच शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन संन्यासी आंतोनियो दो पोर्तो यांनीं त्या लेण्याचें ख्रिस्तमंदिर केलें. पुढें वरच्या टेकडीवर मठ व विद्यालय उभें राहिलें. सन १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली व पोर्तुगीजांची तेथील सत्ता संपली. आज टेकडीवर मठाच्या भग्न भिंती आहेत. खालीं लेण्यांत एकीकडे नृत्य करणाऱ्या शिवाची झिजलेली आकृति, तर दुसरीकडे जुनें शिल्प तासून त्या जागीं कोरलेला मोठा क्रूस दिसतो. क्रूस आपला आहे. पण जें तासलें गेलें तें दुसऱ्याच्या भक्तीचें धन होतें. त्या संन्याशांची धर्मनिष्ठा खरी होती, आणि तेथील भाविकांचें दुःखहि खरें होतें. इतिहास सांगतांना यांपैकीं एकच गोष्ट सांगणें हा अर्धा इतिहास होय. सन १९६५ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें इतर धर्मांतील सत्य व पावित्र्य यांविषयीं आदर जाहीर केला, तेव्हां मंडपेश्वराच्या त्या भिंतीकडे कसें पाहावें हेंहि आपणांस शिकविलें.

तेव्हां विजासनला अवश्य जावें, मुलांनाहि न्यावें. पादत्राणें बाहेर ठेवावीं, कोणी वंदना करीत असल्यास थांबावें, मूर्तीस हात लावूं नये, आणि कोळशानें वा खिळ्यानें भिंतीवर आपलें नांव ओरखडण्याची जी वाईट खोड आपल्या देशांत सर्वत्र दिसते, तिच्यापासून मुलांस आवरावें. ज्यांनीं तो खडक खोदला त्यांनीं आपलीं नांवें मागें ठेविलीं नाहींत. आपण आपलीं तेथें कां ठेवावीं?

नांवें लिहावयाचींच तर तीं आपल्या घरीं लिहावीं. नागपूरचा धर्मप्रांत सन १८८७ मध्यें स्थापन झाला. विजासनच्या मानानें हा काळ अगदीं कालचा. तरीहि आपल्या मंदिराचे पाये कोणीं खणले, विटा कोणीं वाहिल्या, पहिलीं कुटुंबें कोणत्या गांवाहून आलीं, हें सांगणारीं माणसें दिवसेंदिवस विरळ होत आहेत. या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून हीं नांवें विचारून घ्यावीं व देवळाच्या दप्तरीं नोंदवावीं, अशी आमची सर्वांस नम्र विनंति आहे.