नादेझ्दा दुरोवा : भाला शिकणारे 'पोर'

इ. स. १८०७ च्या वसंतात आजच्या बेलारूसमधील ग्रोद्नो येथे रशियन सैन्याच्या पोलिश रिसाल्यासाठी भरती चालू होती. समोर नेपोलियन होता आणि माणसे हवी होती. आई-वडिलांची परवानगी नसल्याने घरातून पळून आलोय, असे सांगणारा एक कोवळा पोरगा तेथे दाखल झाला. त्याने नाव सांगितले आलेक्सान्द्र सोकोलोव. कागदपत्रे नव्हती, घोडा मात्र स्वतःचा होता. आपल्याकडील भाषेत सांगायचे तर तो बारगीर नव्हता, शिलेदार होता.

तो पोरगा म्हणजे नादेझ्दा दुरोवा.

मुलांच्या रांगेत उभी राहून शस्त्रविद्या शिकणारी मुलगी काल्पनिक जगांच्या कादंबऱ्यांतून आपल्याला चांगलीच परिचित आहे. तेथे ती बहुधा पहिल्याच दिवशी सर्वांना चकित करते. दुरोवाने आपल्या आठवणींत लिहिलेले प्रशिक्षण अगदी वेगळे आहे. भालाईत पलटणीचा भाला तिला पेलवत नसे. तो डोक्यावरून गरगर फिरवण्याचा एक प्रकार होता. त्यात तो तिच्याच डोक्यावर अनेकदा आपटला. सैनिकी बूट इतके जड की पायांत बेड्या घातल्यासारखे वाटे. कोणतीही सवलत नव्हती, कारण सवलत द्यावी असे काही आहे हे कोणाला ठाऊकच नव्हते.

घोड्याची गोष्ट वेगळी. तिचे वडील हुसार पलटणीतील अधिकारी होते. आईला मुलगा हवा होता. छावणीच्या प्रवासात तान्ह्या मुलीचे रडणे असह्य होऊन आईने तिला गाडीच्या खिडकीतून बाहेर फेकले, असे दुरोवा लिहिते. त्यानंतर वडिलांनी तिला अस्ताखोव नावाच्या एका हुसाराच्या स्वाधीन केले. त्याने तिला तबेल्यात नेले, घोड्यावर बसवले, पिस्तुलाशी खेळू दिले. पुढे आईने तिला लेस विणायला बसवले. पण तोवर उशीर झाला होता. १७ सप्टेंबर १८०६ रोजी कामा नदीच्या काठी आपले बायकी कपडे टाकून, बुडाल्याचा आभास निर्माण करून, 'अल्किद' या घोड्यावरून ती निघून गेली.

लवकरच भाला उपयोगी पडला. गुटश्टाटच्या लढाईत शत्रूच्या घोडेस्वारांनी पानिन नावाच्या रशियन अधिकाऱ्याला घोड्यावरून पाडले होते. भाला रोखून ती एकटीच त्यांच्यावर धावून गेली आणि ते पांगले. वरिष्ठांनी या आगाऊपणाबद्दल तिला चांगलेच फटकारले!

घरच्यांनी शोध घेतल्यावर प्रकरण थेट सम्राटापर्यंत गेले. डिसेंबर १८०७ मध्ये पहिल्या अलेक्झांडरने तिला पीटर्सबर्गला बोलावले. तिने विनवणी केली ती एकच: घरी पाठवू नका. सम्राटाने पानिनला वाचवल्याबद्दल सैनिकांसाठीचा सेंट जॉर्ज क्रॉस दिला, हुसार पलटणीत अधिकारपद दिले आणि स्वतःच्या नावावरून आलेक्सान्द्रोव हे आडनावही दिले. हा क्रॉस मिळवणाऱ्यास रशियनमध्ये 'कावालेर' म्हणत. मध्ययुगीन नाइटांच्या परंपरेतला हा शब्द. पुढे १८१२ मध्ये बोरोदिनो येथे तोफगोळ्याने तिचा पाय दुखावला; काही काळ ती सेनापती कुतुझोवकडे संदेशवाहक होती. १८१६ मध्ये ती निवृत्त झाली.

१८३६ मध्ये पुश्किनने तिच्या आठवणींचा भाग आपल्या नियतकालिकात छापला, तोही तिचे खरे नाव उघड करून. ती संतापली. त्याच वर्षी पुस्तकही आले. त्यात घर सोडणारी नायिका सोळा-सतरा वर्षांची आहे. प्रत्यक्षात दुरोवाचा जन्म १७८३ चा. म्हणजे घर सोडताना ती तेवीस वर्षांची होती. १८०१ मध्ये तिचे चेर्नोव नावाच्या अधिकाऱ्याशी लग्न झाले होते आणि १८०३ मध्ये तिला इव्हान हा मुलगा झाला होता. पुस्तकात नवरा नाही, मूलही नाही.

पलटणीत वय लपवणे समजण्यासारखे आहे. दाढी-मिशा नसलेला तेवीस वर्षांचा पुरुष संशय निर्माण करतो. सोळा वर्षांच्या पोराकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. पण तीस वर्षांनी वाचकांपासून काय लपवायचे होते? बाप सोडून पळालेली मुलगी वाचकांनी डोक्यावर घेतली. तीन वर्षांचे मूल मागे ठेवून गेलेली आई त्यांनी स्वीकारली असती का, याचा अंदाज दुरोवाला असावा. म्हणून या पुस्तकाला निव्वळ खोटे ठरवणे घाईचे होईल. भाल्याने खाल्लेला मार ज्या लेखणीने प्रांजळपणे नोंदवला, तीच लेखणी पाळण्याजवळ येऊन थांबते.

इव्हानने लग्नासाठी आशीर्वाद मागणारे पत्र पाठवले, त्यात 'आई' असे संबोधन होते. तिने उत्तर दिले नाही. आलेक्सान्द्रोव या अधिकाऱ्याच्या नावे दुसरे पत्र आल्यावर मात्र तिने होकार कळवला, अशी आठवण सांगितली जाते.

१८६६ मध्ये येलाबुगा येथे तिचे निधन झाले. अंत्यविधीतही आलेक्सान्द्रोव हेच नाव उच्चारावे अशी तिची इच्छा होती म्हणतात. धर्मगुरूंनी ते मान्य केले नाही. दफन लष्करी इतमामात झाले.