गोठ्यातला पेंढा

डिसेंबर लागला की आमच्या वसईत घराघरांतून कामट्या, रंगीत कागद आणि वाद बाहेर पडतात. यंदाचा वाद आमच्याच घरातला. कॉलेजात जाणारा नातू म्हणाला, "आजोबा, घर सजवा असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय? हे सगळं मागाहून आलेलं. श्रद्धा मनात असावी." मुलगा वाचणारा आहे, त्यामुळे त्याला उडवून लावता येत नाही. शिवाय प्रश्न विचारणाऱ्या पोराला गप्प बसवायचे नाही, ही जुनी शिक्षकी सवय. म्हणून हे जरा सविस्तर.

त्याचे बरेचसे खरे आहे. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, गोठ्याचा उल्लेख नाही. बैल आणि गाढव तर दोन्हीकडे नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायावरून आले. मेंढपाळ लूकने सांगितले, तारा आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक मत्तयने. या सर्वांना एका छपराखाली आणून बसवले ते गोठा करणाऱ्या साध्या माणसांनी. २५ डिसेंबर ही तारीखसुद्धा रोममधल्या चौथ्या शतकातल्या नोंदीत दिसते, त्याआधी नाही.

पण मागाहून आले म्हणजे उपरे, असे कसे म्हणता येईल? १२२३ सालची गोष्ट. इटलीत ग्रेच्चो नावाचे डोंगरातले गाव आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थाला नाताळच्या पंधरा दिवस आधी सांगून ठेवले की गव्हाण, वाळलेले गवत, बैल आणि गाढव यांची तयारी कर. बाळ येशू किती गैरसोयीत जन्मला ते मला या डोळ्यांनी पाहायचे आहे. रात्री गावकरी मशाली घेऊन आले, गव्हाणीपाशी मिस्सा झाली आणि फ्रान्सिसने शुभवर्तमान गायले. तिथे पुतळे नव्हते. जनावरे खरी होती, गवत खरे होते. त्याचा चरित्रकार सेलानोचा थॉमस पुढे लिहितो की ते गवत लोकांनी जपून ठेवले आणि ते खाऊन आजारी गुरे बरी झाली. शहरी वाचकाला यात भाबडेपणा दिसेल. ज्याच्या दावणीला कधी जनावर होते, त्याला ते लगेच उमगते.

सजावटीला विरोध करणारेही काही कमी झाले नाहीत, आणि तेही श्रद्धावानच होते. इंग्लंडच्या प्युरिटन लोकांच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळ हा सणच बंद केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला, तो २२ वर्षे टिकला. ऑस्ट्रियात सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८२ च्या सुमारास चर्चमधले गोठे काढायला लावले. मग काय झाले? लोकांनी ते घरात मांडले! चर्चमध्ये मनाई झाली म्हणून गोठा घराघरांत पसरला.

आता आपल्याकडे येऊ. गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली त्या तहाची तारीख २३ डिसेंबर १५३४, म्हणजे नाताळच्या दोन दिवस आधीची. नाताळ हा शब्दही त्यांचाच. त्यांच्यामागून फ्रान्सिसच्याच संघाचे साधू आले. किल्ल्यात त्यांच्या चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगिजांची सत्ता गेली. किल्ल्यातल्या चर्चांवर झाडे उगवली. सामवेदी, वाडवळ, कोळी असे इथले ख्रिस्ती लोक मात्र आपल्या वाड्या, विहिरी आणि बोली घेऊन इथेच राहिले. त्यांचा नाताळ त्यांच्या शेतीचा झाला तो असा.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, नाताळची तयारी भात झोडून झाल्यावर सुरू होई. आई आधी सगळे घर सारवून काढायची. पाहुणा मोठा आहे, एवढेच म्हणायची. पडवीच्या कोपऱ्यात गोठा. छपराला घरचा पेंढा, भिंतींना झावळ्या, विहिरीच्या कठड्यावरचे शेवाळ खरवडून केलेली हिरवळ. करवंट्यांत आठ-दहा दिवस आधी नाचणी पेरायची, की नाताळला बोटभर शेत तयार. मातीच्या मूर्ती माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेल्या असत. बाळ येशूची मूर्ती मात्र मध्यरात्रीची मिस्सा करून आल्यावरच ठेवायची; तोवर गव्हाण रिकामी. त्या रिकाम्या गव्हाणीकडे बघत आम्ही किती वेळ बसत असू! मिस्सा लॅटिनमध्ये असायची, त्यातले आम्हा पोरांना काही कळत नसे. गोठा कळत असे.

चांदणी कामट्यांची, पाच टोकांची, गव्हाच्या खळीने कागद चिकटवलेली. आत पणती. वाऱ्याने पेट घेतला की चांदणीची राख आणि आमची रडारड.

१९६४ साली वडील गेले. त्या नाताळात आईने चांदणी लावली नाही, करंज्या केल्या नाहीत. दुःखाच्या घरात आरास करू नये ही रीत. गोठाही नसेल असे आम्ही धरून चाललो होतो. २४ तारखेला संध्याकाळी ती एकटीच पेंढा घेऊन बसली. शेजारची काकू म्हणाली, "अगं, यंदा राहू दे." आई म्हणाली, "त्याला कुठे निजवू मग?" दिवा एकच, आणि तोही घरातला रोजचाच कंदील. नातवाला मी हे सांगितले. तो काही बोलला नाही.

नाताळचे झाड आमच्याकडे त्यामानाने उशिरा आले. ते मूळ जर्मनांचे. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या घरातले झाड छापून आले आणि जगभर पसरले. व्हॅटिकनच्या चौकातसुद्धा ते १९८२ पासूनचे. आमच्या किनाऱ्यावर सुरूची बने, म्हणून इथे सुरूची फांदी चाले. आता प्लॅस्टिकचे. मला त्याचा राग नाही, प्रेमही नाही.

सार्वजनिक गोठे मात्र मी हौसेने बघत फिरतो. नेपल्सच्या गोठ्यांत मासेवाला, खाटीक, पाववाला असे सगळे गाव असते. आमच्या पोरांच्या गोठ्यात रहाट, बैलगाडी, लाल लुगड्यातली सामवेदी बाई. बक्षिसांची चढाओढ लागते तेव्हा बाळ येशू त्यात शोधावा लागतो, हेही खरे. असो.

खरी अडचण पेंढ्याची आहे. आमच्या गावात आता भातशेती किती उरली? जिथे खळे होते तिथे सात मजली इमारत आहे. गोठ्यातली पोरे नाचणीचे शेत करतात, पण उभे शेत त्यांतल्या कितींनी पाहिले आहे? यंदा आम्ही वाडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून दोन पेंढ्या विकत आणल्या. पूर्वी तीन राजांचा सण झाला की गोठा मोडायचा आणि पेंढा गायीपुढे टाकायचा. आता गाय नाही. तो आंब्याच्या बुंध्याशी पसरतो.